पोटगीचा अर्ज आणि सगळं उघड करणारं शपथपत्र

लेकीला घेऊन कळव्याला आईकडे आले. ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा सुरू होताच, त्यातच दोघींच्या अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज टाकला. मला वाटलं होतं, आता नवऱ्याचा पगार कोर्टच शोधून काढेल. पण वकील मॅडमनी आधी माझ्यापुढेच संपत्ती आणि देण्यांच्या शपथपत्राचा नमुना ठेवला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना हे शपथपत्र द्यावं लागतं. मागणाऱ्यालाही.

शिकवण्यांचे महिन्याचे नऊ हजार, दागिने, खोलीभाडं, लेकीची फी, सगळं लिहायचं होतं. आईच्या आणि माझ्या नावावर दीड लाखाची एफडी होती. मावशी म्हणाली, "ती कशाला दाखवतेस? पैसे तर ताईचे आहेत." दोन रात्री मला झोप लागली नाही. मॅडम म्हणाल्या, "आईचे पैसे आहेत असंच लिहा, पण लिहा." लिहिलं. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट्स काढली, कोर्टनाक्यावर तीन-तीन झेरॉक्स मारल्या. एक संच कोर्टाला, एक समोरच्या वकिलांना, एक आपल्याकडे. दिलेल्या कागदावर त्यांची पोच घ्यायला विसरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. पुढच्या तारखेला "आम्हाला मिळालंच नाही" असं कोणी म्हणालं, तर तीच पोच कामी येते.

त्याचं शपथपत्र आलं, त्यात पगार अठ्ठावीस हजार. आमच्या जुन्या जॉइंट खात्यातून मात्र दरमहा बावीस हजारांचा घराचा हप्ता जात होता. उरलेल्या सहा हजारांत तो कसा राहतो? मी त्या नोंदींखाली पेन्सिलने रेघा मारून मॅडमकडे गेले. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली अर्ज केला: पगारपत्रकं आणि फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हजर करावेत. शपथपत्रातल्या माहितीवर वाद असेल तर असे कागद मागता येतात, प्रश्नावलीही देता येते, हे त्याच निकालात आहे. हे आधी माहीत असतं, तर मी सासरी कागद मागायला जाऊन अपमान करून घेतला नसता.

पुरावा म्हणून द्यायच्या व्हॉट्सॲपच्या मेसेजचं वेगळंच. नुसते स्क्रीनशॉट जोडून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात एक भाग आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. मूळ मेसेज असलेला फोन मी अजून विकलेला नाही.

दोन तारखा गेल्यावर पगारपत्रकं आली. हातात एकसष्ट हजार पडत होते.

युक्तिवादाच्या दिवशी त्याचे वकील आवाज चढवून म्हणाले, "यांच्या नावावर एफडी आहे!" मॅडमनी माझं शपथपत्र उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. न्यायाधीशांनी वाचलं, मान हलवली आणि त्यांना पुढचा मुद्दा मांडायला सांगितलं.