तुम्ही विचारलेत म्हणून: ग्रंथपालाच्या हातात मोबाइल कशासाठी?

पुण्यात आमच्या पेठेतल्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी उभे राहून सभासद मला वारंवार विचारतात, ‘मॅडम, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर तुमचा इतका वेळ जातो, त्याने वाचक वाढले का?’ विचारणाऱ्यांत कित्येक जण जुने वर्गणीदार आहेत आणि त्यांचा प्रश्न ग्रंथालयाच्या काळजीपोटी असतो, म्हणून उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

सुरुवातीला आम्ही नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे आणि सुट्ट्यांच्या सूचना पाठवत असू. त्याचा उपयोग मर्यादित होता. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला क्रमांक साठवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो, हेही आम्हाला उशिरा कळले. तेव्हापासून नव्या सभासदाकडून वर्गणी घेतानाच ग्रंथालयाचा क्रमांक साठवून घेतो.

खरे काम सुरू झाले ते एका पावसाळ्यात. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुरू आहे, भिडे पूल पाण्याखाली गेला आहे, रात्री आणखी पाणी सोडणार आहेत, असा संदेश एका संध्याकाळी चार सभासदांनी मला पाठवला आणि प्रत्येकाने खाली ‘खरे आहे का?’ असे विचारले. ‘नाही’ एवढे लिहून मोकळे होता आले असते, पण मग पुढच्या संदेशालाही त्यांना माझ्याकडेच यावे लागले असते. म्हणून मी शोध कसा घेतला तेच दीड मिनिटाच्या चित्रफितीत दाखवले: संदेशात तारीख नाही, वर दुहेरी बाण आहे, म्हणजे तो अनेक हातांतून आला आहे, जलसंपदा विभागाचा त्या दिवशीचा विसर्गाचा आकडा वेगळा आहे, आणि त्यातलेच एक वाक्य माझ्या फोनमध्ये शोधल्यावर तोच मजकूर आदल्या वर्षीच्या संदेशांत सापडतो. तो संदेश खोटा नव्हता, शिळा होता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा आंबिल ओढ्याचा पूर आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेले पाणी ज्या शहराने पाहिले आहे, तिथे प्रत्येक इशाऱ्याला अफवा म्हणण्याची सवय लागली तर ती जिवावर बेतेल.

ही तपासणी ग्रंथपालाला नवी नाही. पुस्तक दाखल करताना आम्ही शीर्षकपानाच्या मागे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती आणि वर्ष पाहतो. पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापणे १८६७ च्या कायद्यानेच बंधनकारक केले होते. व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला असे पान नसते. ते वाचकाने मनातल्या मनात भरायचे असते. आम्ही एका पोस्टमध्ये पुस्तकाचे ते पान आणि निनावी संदेश शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा लांबलचक भाषणापेक्षा ते लवकर समजले. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. मी अशा वेळी वाचकाचे दीड मिनिट मुद्दाम घेते, कारण त्याने पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी ५ जणांनाच किंवा गटांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो. संदेश कसा वाचावा हे मात्र कोणीतरी शिकवावेच लागते, आणि गल्लोगल्ली पोहोचलेली सार्वजनिक ग्रंथालये ते शिकवू शकतात असे मला मनापासून वाटते.

पुस्तकाची पीडीएफ मागणाऱ्यांनाही आम्ही कारण सांगूनच नकार देतो: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. आणि कोणी कोणते पुस्तक नेले हे आम्ही कौतुकापोटीसुद्धा कुठेही टाकत नाही.

तर, वाचक वाढले का? सभासदसंख्या थोडीच वाढली. प्रश्न मात्र बदलले. गेल्या महिन्यात एक आजोबा मोबाइल घेऊन आले. पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचे म्हणून फिरणारे एक छायाचित्र त्यांनी मला दाखवले. ‘खरे का?’ असे त्यांनी विचारले नाही. ‘यातला पूल लकडी पुलासारखा वाटत नाही. १२ जुलै १९६१ नंतरच्या आठवड्याची वर्तमानपत्रे तुमच्याकडे बांधून ठेवलेली आहेत ना?’ असे त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी मिळून तो जाड बाड टेबलावर उतरवला आणि ते चष्मा पुसून पहिल्या पानापासून बघू लागले.