सल्फर उतरेना! लॅडल फर्नेसवरचा माझा अनुभव

टॅपिंग झालं, म्हणजे भट्टीतलं वितळलेलं स्टील लॅडलमध्ये (मोठ्या बादलीसारख्या भांड्यात) ओतलं, ती लॅडल माझ्याकडे आली, तापवायला विजेचा आर्क लावला, टेम्परेचर १६०० डिग्रीच्या आसपास, सगळं नीट. सल्फर ०.०१०% च्या खाली पाहिजे होतं आणि पहिल्या सॅम्पलला आलं ०.०३२. सल्फर ओढून घ्यायला चुना टाकला. दुसरं सॅम्पल ०.०३०. परत चुना. ०.०२९! आजही आठवलं की डोकं तापतं. कास्टरवाल्यांचे (पुढे स्टील साच्यात ओतणाऱ्यांचे) फोनवर फोन, प्रत्येक रिपोर्टची वाट बघायची, तोवर स्टील थंड होतंय म्हणून परत आर्क.

शेवटी आमचे सीनियर आले, रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सळई स्लॅगमध्ये, म्हणजे स्टीलवर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीत, बुडवून काढली. (सळई कोरडीठाक हवी, ओली असेल तर धातू अंगावर उडतो.) चिकटलेला थर काळाकुट्ट. म्हणाले, "अरे, भट्टीचा स्लॅग आलाय लॅडलमध्ये, नुसता चुना टाकून काय होणार?"

काळा म्हणजे आयर्न ऑक्साइड भरपूर. सल्फर स्टीलमधून स्लॅगमध्ये जातं तेव्हा बदल्यात ऑक्सिजन स्टीलमध्ये येतो, त्यामुळे आधीच ऑक्सिजन जास्त असेल तर ही अदलाबदल पुढे सरकतच नाही, चुना कितीही ओता. उलट माझ्या जादा चुन्याने स्लॅग घट्ट झाला होता, वर गोळे तरंगत होते आणि ते विरघळल्याशिवाय कामाला येत नाहीत.

मग त्यातला ऑक्सिजन खेचायला स्लॅगवर ॲल्युमिनियम टाकलं, पातळ व्हायला थोडं फ्लोरस्पार, आणि स्टील ढवळणारा आर्गन वायू वाढवला, कारण स्टील आणि स्लॅग एकमेकांत घुसळले तरच रिॲक्शन जोरात होते. सळईवरचा थर काळ्याचा हिरवट झाला, मग पांढरा, गार झाल्यावर त्याची पावडर व्हायला लागली. सॅम्पल ०.००८! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

पण फॉस्फरस ०.०१४ वरून ०.०१८ झाला होता. त्याचं गणित उलटं, तो काढायला ऑक्सिजनवाला स्लॅग आणि कमी टेम्परेचर लागतं, म्हणून तो भट्टीतच काढतात. भट्टीचा स्लॅग सोबत आला की ॲल्युमिनियम त्यातला फॉस्फरसही सोडवून परत स्टीलमध्ये पाठवतं. लिमिट ०.०२० होती म्हणून हीट (ते लॅडलभर स्टील) वाचली.

हो, सल्फर उतरलं की आर्गन कमी करा, नाहीतर उघड्या पडलेल्या स्टीलमध्ये हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शिरतो.

आता लॅडल आली की मी पहिली सळई बुडवतो, सॅम्पल नंतर. आणि टॅपिंगआधी भट्टीवर फोन करून सांगतो, शेवटचं थोडं स्टील आतच राहू द्या, पण लॅडलमध्ये स्लॅग नको.