खय्यामच्या हातातली तलवार

सुट्टीच्या दुपारी, जेवण अंगावर आलेले असताना, जुने पोशाखी साहसपट पाहण्यासारखे दुसरे सुख नाही. मखमली अंगरखे, कट शिजवणारा कुणीतरी धूर्त दाढीवाला आणि शेवटच्या रिळात तलवारींचा खणखणाट एवढ्या भांडवलावर हॉलिवूडने १९५०च्या दशकात बगदादपासून समरकंदपर्यंतचा सारा मुलूख आपल्या स्टुडिओंत वसवला होता. त्याच रांगेत १९५७ साली पॅरामाउंटचा ‘ओमर खय्याम’ आला. निशापूरच्या या गणितज्ञ कवीला त्यात थेट हसन सब्बाह या इस्माइली पंथनेत्याच्या मारेकऱ्यांशी झुंजायला लावले आहे.

दिग्दर्शक विल्यम डीटर्ल काही नवखा नव्हता. शास्त्रज्ञ पाश्चर आणि कादंबरीकार झोला यांच्यावरचे गाजलेले चरित्रपट त्यानेच केले होते. खय्याम झालेला कॉर्नेल वाइल्ड पूर्वी पडद्यावर संगीतकार शोपँ होऊन ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता. शिवाय तो पट्टीचा तलवारबाज होता. पाश्चरला सूक्ष्मदर्शक देता येतो, झोलाला न्यायालय, शोपँला पियानो. पण कंपास आणि दौत घेऊन तासन् तास बसून राहणाऱ्या माणसाचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर वाइल्डच्या मनगटात तयारच होते, आणि तेच वापरले गेले.

अर्थात सगळा दोष हॉलिवूडच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खय्याम, वजीर निजामुल्मुल्क आणि हसन सब्बाह हे तिघे एकाच गुरूपाशी शिकले, आणि जो आधी मोठा होईल त्याने इतरांना हात द्यावा अशी शपथ त्यांनी घेतली, ही दंतकथा चित्रपटाच्या कितीतरी शतके आधीपासून चालत आलेली आहे. ती इतकी घाटदार आहे की मोडवत नाही. मात्र निजामुल्मुल्कचा जन्म १०१८चा आणि खय्यामचा १०४८चा. तीस वर्षांचे अंतर असलेले हे वर्गमित्र एका बाकावर बसवायचे तर वजीरसाहेबांना बरीच वर्षे नापास करावे लागेल! इतिहासातले नाट्य वेगळेच आहे, आणि ते काही कमी थरारक नाही. हसनने १०९० साली अलमूतचा गड घेतला, १०९२ साली निजामुल्मुल्कचा खून झाला, त्यानंतर पाच आठवड्यांतच त्याचा धनी सुलतान मलिकशाहही वारला, आणि खय्याम जिथे काम करत होता त्या इस्फहानच्या वेधशाळेचा राजाश्रय संपला. अलमूत मात्र १२५६ साली मंगोल येईपर्यंत टिकून राहिला. खय्यामच्या हाती तलवार असती, तरी गडाचे काही बिघडले असते असे दिसत नाही.

त्या वेधशाळेत चाललेले काम मला तलवारबाजीपेक्षा अधिक साहसाचे वाटते. मलिकशाहने १०७४च्या सुमारास खय्यामसह काही ज्योतिर्विदांना पंचांग सुधारण्यासाठी बोलावले होते. राज्यकारभाराला हिजरी सन पुरत नव्हता, कारण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि पिके सूर्याच्या हिशेबाने येतात. सारा वसूल करण्याची तारीख दरसाल मागे सरकू लागली तर रयतेने उभ्या पिकातून काय भरायचे? हीच अडचण आपल्याकडच्या जुन्या दफ्तरांतही भेटते. मराठेशाहीच्या कागदांवरचे शुहूर सन आणि फसली सन हे तिच्यावरचेच तोडगे आहेत. इराणात जुने सौरपंचांगही ऋतूंपासून ढळले होते आणि नवरोज वसंतसंपातापासून, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात त्या क्षणापासून, अठराएक दिवस दूर गेला होता. १५ मार्च १०७९ पासून जलाली कालगणना सुरू झाली आणि वर्षारंभ पुन्हा संपाताला बांधला गेला. या गणनेशी ३३ वर्षांत ८ लीप वर्षांचे जे चक्र जोडले जाते, त्याने वर्षाची सरासरी ३६५.२४२४ दिवस येते. युरोपात १५८२ साली सुरू झालेल्या पंचांगाची सरासरी ३६५.२४२५ आहे. रात्रीमागून रात्री आकाशाकडे पाहून हा चौथ्या दशांशाचा खेळ खेळणारी माणसे पडद्यावर कशी दाखवायची, हे मात्र मलाही सांगता येणार नाही. त्रिघाती समीकरणांची तर गोष्टच सोडा. अन्वस्त (पॅराबोला) आणि वर्तुळ एकमेकांना जिथे छेदतात तिथे समीकरणाचे उत्तर सापडते, ही खय्यामची युक्ती कागदावर पाहताना टाळी द्यावीशी वाटते. चित्रपटगृहात तिच्यावर लोक शेंगदाणे आणायला उठतील.

गंमत अशी, की ज्या कवीच्या नावावर हा चित्रपट निघाला, त्याची कवी म्हणून कीर्ती हीच मुळात उशिरा आलेली आहे. खय्यामला प्रत्यक्ष भेटलेल्या निजामी अरूजी या फारसी लेखकाने आपल्या ‘चहार मकाला’त शायरांना एक प्रकरण दिले आणि ज्योतिषांना एक, खय्याम त्याला आठवला तो ज्योतिषांच्या प्रकरणात. इंग्रज कवी फिट्झजेरल्डने १८५९ साली खय्यामच्या ७५ रुबायांची, म्हणजे चार ओळींच्या कवितांची, इंग्रजी पुस्तिका छापली, ती आधी रद्दीच्या भावाने विकली गेली आणि मग जगभर गेली. आपल्याकडे फारसीचे प्राध्यापक आणि ‘फार्शी-मराठी कोशा’चे कर्ते माधव ज्यूलियन यांनी १९२९ साली मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या, आणि ‘द्राक्षकन्या’ हा फिट्झजेरल्डच्या इंग्रजीवरून केलेला अनुवाद १९३१ साली वेगळा दिला. दोन खय्याम दोन पुस्तकांत निरनिराळे ठेवण्याचा हा नेमकेपणा चित्रपटवाल्यांना परवडणारा नव्हता.

तरीही प्रसंग शोधायचाच, तर निजामीच्या त्याच प्रकरणात एक आयता पडून होता. हिजरी ५०८च्या (इ.स. १११४-१५) हिवाळ्यात मर्व शहरी त्या वेळच्या सुलतानाला शिकारीची लहर आली आणि बर्फपाऊस नसलेले काही दिवस निवडून द्यावेत, असा निरोप खय्यामकडे गेला. खय्यामने दोन दिवस विचार केला, मुहूर्त दिला आणि सुलतानाला घोड्यावर चढवायला स्वतः हजर राहिला. स्वारी थोडी पुढे जाते न जाते तोच आभाळ भरून आले, वारा सुटला, बर्फ पडू लागले. सगळे हसायला लागले आणि सुलतान परत फिरू पाहू लागला. खय्यामने त्याला निश्चिंत राहायला सांगितले: ढग आत्ताच पांगतील आणि पुढचे पाच दिवस थेंबही पडणार नाही. सुलतान पुढे गेला आणि तसेच घडले. राजा, उतारवयातला पंडित, हसणारे मानकरी, पणाला लागलेली अब्रू, सगळे यात आहे. आणि याच गोष्टीला निजामीने जोडलेली टीप तर कुठल्याही पटकथाकाराने उचलावी अशी आहे: फलज्योतिषावर या गृहस्थांचा फारसा विश्वास असल्याचे आपल्याला दिसले नाही, असे तो लिहितो. ज्या विद्येवर आपला भरवसा नाही तिच्या नावाने राजापुढे पाच दिवसांची हमी देताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय होते, हे दाखवायला वाइल्डसारखा नट पुरेसा होता.