अंकोरवाटची भिंत

"अगं, हे भीष्म!" सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. भिंतीच्या वरच्या बाजूला एक पुरुष आडवा पडलेला, अंगात बाणच बाण, आणि भोवती खाली मान घालून बसलेली माणसं. मी पाटी शोधत होते तोवर त्यांनी ओळखलंसुद्धा. घरापासून हजारो किलोमीटरवर, कंबोडियातल्या एका दगडी ओवरीत, वाईच्या घाटावर कीर्तनं ऐकत वाढलेली सत्तरीची बाई शरपंजरी भीष्मांसमोर हात जोडून उभी राहिली. मला तिथं एकदम भरून आलं.

अंकोरवाटला जायचं म्हटलं की सगळे सूर्योदयाचं सांगतात. पहाटे तळ्याकाठी जागा धरायची, पाच कळसांचं प्रतिबिंब टिपायचं, नाश्ता, मग बायोन, मग ता प्रोम ही जवळची जुनी देवळं, संध्याकाळी परत. आम्हाला एका टूरवाल्यानं हाच एका दिवसाचा बेत दिला होता. सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघून आम्ही तो नाकारला आणि तीन दिवसांचा पास काढला. आम्ही गेलो तेव्हा एका दिवसाचे ३७ डॉलर आणि तीन दिवसांचे ६२ होते. हा पास सलग तीन दिवस वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन. माझं ऐकाल तर यात काटकसर करू नका.

पहिल्या सकाळी बायोनचे ते मोठमोठे शांत चेहरे पाहिले, ता प्रोमला भिंतींवर पाय पसरून बसलेली झाडं पाहिली. दोन्ही सुंदर आहेत, फोटोही भरपूर निघतात. पण माझं मन अडकलं ते दुपारी, अंकोरवाटमध्ये.

राजा दुसरा सूर्यवर्मन यानं १२व्या शतकात हे मंदिर विष्णूसाठी बांधायला घेतलं. भोवतीचा खंदक जवळपास १९० मीटर रुंद आहे, नदीच वाटते. वालुकाश्म आणला कुलेनच्या डोंगरातून, कालव्यांच्या पाण्यावरून. आपलं वेरूळचं कैलास एकाच खडकात वरून खाली कोरत आणलेलं. इथं चिरा चिऱ्यावर ठेवून तो डोंगर उभा केलाय. वेरूळला तासन्‌तास रमणाऱ्या माणसानं इथं यायलाच हवं.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे. आत शिरल्यावर सासूबाई सवयीनं डावीकडे, प्रदक्षिणेच्या वाटेला लागल्या. आमच्या टुकटुकवाल्या दादांनी मात्र सकाळीच बजावलं होतं, उजवीकडे वळा. इथली शिल्पं उलट्या प्रदक्षिणेनं, देऊळ डाव्या हाताला ठेवून वाचायची असतात. पश्चिमेकडे तोंड आणि ही उलटी वाट, यावरून हे राजाचं अंत्यस्मारकही असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. उजवीकडे वळलं की समोर थेट कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि मधे नुसती गर्दी: हत्ती, रथ, ढाली, पडलेले घोडे. दुपारचं ऊन खांबांमधून तिरपं आत येतं तेव्हा हे सगळं सैन्य हलल्यासारखं दिसतं. सासूबाईंनी अर्जुनाचा रथ हुडकला. सारथ्याला चार हात आहेत, म्हणजे तो कोण हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेच्या दारानं गेलो. तिकडे मातीचा रस्ता, झाडी आणि सकाळी जवळजवळ कुणी नसतं. पूर्वेच्या ओवरीत सकाळचं ऊन असतं आणि त्या उन्हात समुद्रमंथन आहे. साधारण ४९ मीटर लांबीची ही एक भिंत आणि तिच्यावर एकच वासुकी. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मधे विष्णू, खाली कूर्म. सगळ्यांचे गुडघे एकाच कोनात वाकलेले, सगळ्यांची ओढ एकाच तालात. रस्सीखेच चालू आहे आणि आपण अगदी कडेला उभे आहोत, असं वाटतं. वर अप्सरा उसळून निघाल्यात.

मी मात्र खाली उकिडवी बसून समुद्र पाहत राहिले. कडेला मासे, मगरी, कासवं निवांत पोहत आहेत. जसजसं रवीच्या जवळ जावं तसतसं पाणी खवळत जातं, आणि अगदी मध्याशी मासे चक्क तुटलेत, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. अमृताची गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेन. पण त्या घुसळणीत पाण्यातल्या जिवांचं काय झालं असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या कारागिराला सुचलं. मी सासूबाईंना बोलावून ते मासे दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१९८६ ते १९९३ या काळात, देश युद्धातून पुरता बाहेरही आला नसताना, इथल्या दुरुस्तीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं केलं. मला त्याचा अभिमान वाटतो.

दुपारी जेवायला आमोक घेतलं. केळीच्या पानात नारळाच्या दुधात वाफवलेला मासा, वाटणात हळद आणि चक्क गवती चहा. आपण चहात टाकतो तो पाला माशात इतका छान लागेल असं वाटलं नव्हतं. जेवताना टुकटुकवाल्या दादांनी त्यांच्या रामायणातली नावं सांगितली. राम म्हणजे रीम, सीता म्हणजे सेडा, आणि हनुमान हनुमानच. सासूबाईंनी ती दोनदा म्हणून घेतली.

निघताना पश्चिमेच्या गोपुरात थांबलो. तिथं आठ हातांचा उभा विष्णू आहे. लोक त्याला ता रीच म्हणतात, भगवी वस्त्रं नेसवतात, अजून पुजतात. एक स्थानिक ख्मेर आजी उदबत्त्या लावत होत्या. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, आपल्या जुडीतल्या तीन काढून, पेटवून त्यांच्या हातात दिल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दोघींनी शेजारी शेजारी उभ्या राहून नमस्कार केला.

बाहेर पुलावर आल्यावर मी विचारलं, "आई, उद्या टोन्ले साप तळ्यातली तरंगती गावं बघायला जायचं ना? तुम्ही दमला असाल."

"तळं परवा बघू," त्या म्हणाल्या. "लंकेची भिंत राहिलीय अजून."