सोलू का तशीच घालू?

जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरायच्या, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायच्या, दुकानात बसलो की मोटारीपेक्षा वायरीचे प्रश्न जास्त येतात. त्यातला एक ठरलेला आहे: "मिस्त्री, ही वायर सोलून भंगारात घालू का तशीच घालू?" विचारणारा कधी बोअर आटलेला शेतकरी असतो, कधी घराची जुनी फिटिंग उपसलेला, तर कधी सुट्टीत खर्चाला पैसे पाहिजेत म्हणून आलेला पोरगा. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो. माझं उत्तर असं आहे की हातभर सोला, तोला, आणि बहुतेक वेळा बाकीची तशीच विका.

हातभर कशाला? भंगारवाल्याला वायरीत तांबं किती निघणार हे नुसतं बघून कळतं. आपल्याला कळत नाही, आणि भाव तिथंच पडतो. म्हणून एक तुकडा कापा, तोला, सोला आणि नुसतं तांबं परत तोला. सराफाच्या काट्यावर हातभर तुकडा चालतो. किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायचा तर चार-पाच मीटर घ्या, नाहीतर काटा हलणार पण नाही. घराच्या फिटिंगची दीडची, म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर (आम्ही नुसतं ‘स्क्वेअर’ म्हणतो) असलेली वायर असेल तर वजनात साधारण ६५ टक्के तांबं निघतं. चारची असेल तर ७५ टक्क्यांच्या आसपास. वायर जितकी बारीक तितका प्लास्टिकचा वाटा मोठा.

आता हिशोब. भाव रोज हलतो, म्हणून सोपे आकडे धरू. समजा सोललेल्या तांब्याला किलोला ८०० रुपये मिळतात. मग ६५ टक्केवाल्या एक किलो वायरीत ५२० रुपयांचं तांबं आहे. भंगारवाला तशीच वायर ४५० नं मागतो. म्हणजे सोलण्याची मजुरी झाली ७० रुपये. त्या ७० रुपयांसाठी किती वायर सोलायची? दीडच्या वायरीचं एक मीटर वीस-एकवीस ग्रॅम भरतं, म्हणजे किलोला जवळजवळ ५० मीटर. दुकानात मिळतं ते बंडल ९० मीटरचं असतं. त्याच्या निम्म्याहून जास्त. बसा सोलत.

लोक फसतात ते इथं. पैसे किलोवर मिळतात, पण हात मीटरवर चालतो. एक किलो तांबं काढायला दहा स्क्वेअरची केबल ११ मीटर सोलावी लागते, चारची २८ मीटर, अडीचची ४५, दीडची ७५ आणि एकची ११२ मीटर. अर्ध्या स्क्वेअरची, म्हणजे बारीकसारीक उपकरणांत असते ती, सव्वादोनशे मीटर! पातं फिरवायला मीटरमागं वेळ जवळपास तेवढाच जातो, मग वायर जाड असो की बारीक. उलट बारीक तारांच्या लवचिक वायरीत पातं आत घुसून तारा तुटतात, ते वेगळंच. म्हणून माझा नियम: चार आणि त्याच्या वरची असेल तर सोला. अडीचची असेल आणि हातात दुसरं काम नसेल तर सोला. त्याहून बारीक असेल तर भाव पाडून मागितला तरी तशीच घाला, फक्त दोन-तीन दुकानं फिरून. टक्का माहीत असला की घासाघीस करायला तोंड असतं.

"हातात दुसरं काम नसेल तर" हे मी सहज नाही म्हणालो. आमच्या मराठवाड्यात वेळेचा भाव महिन्यागणिक बदलतो. सोयाबीनच्या काढणीत मजूर शोधून मिळत नाही; तेव्हा दारात वायर सोलत बसणारा माणूस घरचंच नुकसान करतो. वैशाखात, बोअर आटलेले, रान मोकळं, तेव्हा त्याच तासाला दुसरं गिऱ्हाईक नाही. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज होती. दिवसभर सोलून वरचा फायदा तेवढाही निघत नसेल, तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या गल्लीत एक आजोबा ओट्यावर बसून बारीकातली बारीक वायर सोलतात. त्यांना मी कधी हिशोब सांगितला नाही. त्यांचा दिवस बरा जातो.

उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. प्लास्टिक ऊन लागलं की मऊ पडतं. वायर दुपारी पत्र्यावर टाका, तापली की पातं लोण्यातून गेल्यासारखं जातं. थंडीत सकाळी तीच वायर हात सोलून काढते. पातं अंगाकडं ओढायचं नाही, पुढं ढकलायचं. आणि पोरांच्या हातात द्यायचं नाही.

आमच्याकडं सगळ्यात जास्त येते ती सबमर्सिबलची, म्हणजे बोअरमध्ये पाण्यात सोडायच्या मोटारीची, तीन कोरची (आत तीन वेगळ्या वायरी असलेली) चपटी केबल. तिचा हिशोब वेगळा आहे. वरचं जाड आवरण आणि आत प्रत्येक कोरचं आणखी एक, असं दोनदा सोलायचं. तांबं वजनाच्या निम्मं किंवा थोडं कमीच. पण लांबी बघा: ५०० फुटांच्या बोअरमधून निघालेल्या अडीचच्या केबलीत दहा किलोच्या आसपास तांबं असतं. तरी पण मी म्हणतो, सोलायच्या आधी तिची तपासणी करून घ्या. केबल शाबूत असेल, सांध्यांपाशी पाणी शिरलेलं नसेल, तर ती भंगार नाहीच. शेजारच्या शिवारात कुणीतरी नवीन बोअर घेतलेलाच असतो आणि त्याला केबल पाहिजेच असते. फुटावर विकली तर मोडीच्या भावापेक्षा जास्त येतात. पाणी शिरलेलं असेल तर मात्र आतलं तांबं काळं-हिरवं पडतं आणि ते सोलूनही चकचकीत मालाचा भाव मिळत नाही. अशी केबल तशीच घालावी; सोलून घातली तर दोन्हीकडून मार.

राहिला सोपा मार्ग, जाळायचा. पऱ्हाटीच्या ढिगावर वायर टाकायची आणि काडी लावायची. हे करू नका. वायरीवरचं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं, आणि निव्वळ पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, क्लोरीन असतं. जळाल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो डोळ्याला आणि छातीला झोंबतो. शिवाय डायऑक्सिन नावाचे विषारी पदार्थ तयार होतात आणि गंमत म्हणजे तांब्यामुळं ते जास्तच तयार होतात. जुन्या वायरींच्या प्लास्टिकात शिसंही घालत. ते राखेत राहतं आणि राख गोठ्याजवळच पडलेली असते. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घालून दंड लावला. एवढं करून तांबं काळं पडतं, बारीक तारा कुरकुरीत होऊन तुटतात आणि भाव उतरतो. त्यात आणखी एक. शिवारातून मोटारीच्या केबली चोरीला जातात हे कुणाला सांगायला नको. चोर वायर जाळतो, कारण आवरणावरचं कंपनीचं नाव नाहीसं होतं. जळकी तार घेऊन गेलात की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडं बघतो. त्याचं काही चुकत नाही. तशीच घेऊन गेलात तर नाव-मार्का वायरीवरच असतो, आणि जुनं बिल असेल तर तेही बरोबर ठेवा.

सोलण्याआधी चुंबक लावा, हे राहिलंच. टीव्हीच्या केबलीची मधली तार वरून तांब्याची, आतून बऱ्याचदा लोखंडाची असते, चुंबकाला चिकटते. स्वस्तातल्या काही वायरी आतून जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वरून तांब्याचा मुलामा. त्या चुंबकाला कळत नाहीत, म्हणून तार तिरपी कापून बघा, मध्ये पांढरी दिसली की ठेवून द्या. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचीच असते. ती सोलून तांब्याची वाट बघणारेही आमच्याकडं येतात.

मोटारीच्या वाइंडिंगचं विचाराल, तर मोनोब्लॉकच्या (मोटार आणि पंप एकातच असलेल्या) इनॅमलच्या तारेला सोलायचं काही नसतं. तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो, तो पात्यानं निघत नाही, आणि भंगारवाला ती वेगळ्या भावानं घेतो. पण वायरीच्या चार मीटरवरून माझ्याशी घासाघीस करणारी माणसं जळालेली मोटार टेकवून निघून जातात, आतल्या जुन्या तांब्याचं कुणी विचारत नाही. ते किलोंनी निघतं. काही मिस्त्री ते मजुरीत धरतात, काही गिऱ्हाइकाला परत देतात, काही बोलतच नाहीत. मोटार भरायला टाकतानाच जुनं तांबं कुणाचं ते ठरवा आणि पावतीवर लिहून घ्या. माझ्या दुकानातसुद्धा.