अंगावर, अंगाशी, अंगात

मंगळवार, रात्री

ऑफिसातलं इंग्रजी मोठमोठ्या शब्दांपाशी अडत नाही, असं माझं आता पक्कं मत झालंय. 'इम्प्लिमेंटेशन', 'डिपेन्डन्सी' हे शब्द कामाबरोबर येतात आणि कुठेही भेटले तरी अर्थ बदलत नाहीत. अडतं ते 'गेट', 'पुट', 'लुक', 'टेक' अशा शाळेतच शिकलेल्या शब्दांपाशी. मागे 'ऑफ', 'अप', 'इन' लागलं की ओळखीचं क्रियापद अनोळखी होऊन बसतं. आजच्या मीटिंगमध्ये 'पुश बॅक' दोनदा आलं. आधी "क्लायंट डेडलाइनवर पुश बॅक करतोय", म्हणजे त्याला ती मान्य नाही. थोड्या वेळाने "रिव्ह्यू शुक्रवारवर पुश बॅक करू", म्हणजे पुढे ढकलू. कुणालाच प्रश्न पडला नाही, कारण अर्थ आजूबाजूच्या शब्दांत होता. म्हणूनच अशा जोड्यांची, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्जची, यादी पाठ करणं मी सोडून दिलंय. वहीत आता आख्खं वाक्य उतरवते, आणि शेजारी कोण कुणाला कशाबद्दल म्हणालं तेही.

मराठी माणसाने या प्रकाराला घाबरावं हे मला पटतच नाही. आपण दिवसभर दुसरं काय करतो? बैल अंगावर येतो, घाईत घेतलेला निर्णय अंगाशी येतो, आणि कुणाच्या तरी अंगात येतं. नाम तेच, क्रियापद तेच, बदललं ते मधलं एवढंसं शेपूट. 'शी' म्हणजे काय ते माहीत असूनही 'अंगाशी येणे' त्यावरून कळत नाही. ते वापरातूनच कळतं. 'रिपोर्ट करून टाक' म्हणजे एकदाचा संपव, 'करून ठेव' म्हणजे लागेल तेव्हा हाताशी असू दे, 'करून बघ' म्हणजे जमतंय का ते पाहा. हे आपल्याला कुणी तक्ता लावून शिकवलं नाही. घरात ऐकलं, बोललो, झालं. इंग्रजीलाही तेवढाच वेळ आणि तेवढेच कान द्यायला हवेत.

कामाच्या ठिकाणी या छोट्या शब्दांवर फार काही अवलंबून असतं, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. 'आय विल लुक इन्टू इट' असं लिहिलं की आपण फक्त तपासून बघायचं कबूल करतो. 'आय विल सॉर्ट इट आउट' म्हटलं की प्रश्न सोडवायची जबाबदारी आपल्या गळ्यात. 'आय विल गेट बॅक टू यू' मध्ये उत्तर देण्याचं वचन आहे, काम करण्याचं नाही. 'आय विल फॉलो अप' म्हणजे मागे लागून पाठपुरावा करणार. चारही वाक्यं घाईत "बघते" या एका शब्दाच्या जागी टाकली जातात, पण समोरचा प्रत्येकातून वेगळी अपेक्षा घेऊन जातो. नव्याने नोकरीला लागलेल्या कुणी मला विचारलं, तर मी आधी ही चार वाक्यंच शिकवेन. व्याकरण नंतर.

व्याकरणातली एक गोष्ट मात्र लगेच शिकून घ्यावी अशी आहे. 'कॉल ऑफ द मीटिंग' चालतं, 'कॉल द मीटिंग ऑफ' हेही चालतं. पण 'इट' आलं की ते मध्येच बसायला हवं: 'कॉल इट ऑफ'. 'लुक इन्टू'चं तसं नाही, तिथे 'लुक इन्टू इट' असंच. शिवाय लिहिताना क्रियापद सुटं आणि नाम जोडून: फाइल्स 'बॅक अप' करायच्या, तयार होतो तो 'बॅकअप'. बोलताना नामात जोर पहिल्या भागावर येतो.

कुठे वापरायचं, याचाही एक पोत असतो. चॅटवर 'पुट ऑफ' सहज जातं, औपचारिक पत्रात 'पोस्टपोन' शोभतं. याची मुळं जुनी आहेत. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. विद्येची भाषा लॅटिन होतीच. त्या घराण्यांतले शब्द आजही भारदस्त वाटतात, आणि 'पुट', 'गेट' सारखी आखूड क्रियापदं रोजच्या बोलण्यात राहिली. आपल्याकडे 'सभा स्थगित करण्यात आली' आणि 'मीटिंग पुढे ढकलली' यांत जे अंतर आहे, तेच. बोलीतलं कमअस्सल असं मी मुळीच मानत नाही. उलट सहकाऱ्याला सतत 'पोस्टपोन', 'इन्व्हेस्टिगेट' असंच लिहीत राहिलं तर माणूस उगाच लांब गेल्यासारखा वाटतो.

'अप' आणि 'आउट' आता बऱ्यापैकी जमू लागलेत. 'रॅप अप', 'युज अप' यांत काम पूर्ण संपल्याची छटा आहे. 'फिगर आउट', 'सॉर्ट आउट' यांत गुंता सुटल्याची. पण 'फिल इन' आणि 'फिल आउट', दोन्हींचा अर्थ फॉर्म भरणं! आणि 'ऑफ' तर कुठल्याच साच्यात बसत नाही: 'किक ऑफ'ने प्रकल्प सुरू होतो, 'कॉल ऑफ'ने तो रद्द होतो, 'साइन ऑफ'ने मंजुरी मिळते. त्यासाठी वहीत वेगळं पान केलंय. उद्या डिझाइनच्या मंजुरीचा मेल पाठवायचाय, त्या पानावरचं पहिलं वाक्य त्यातूनच घेईन.