आमची वाटचाल : दांडिया बाजारातल्या गिटारी

आमचं वर्कशॉप म्हणजे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराची मागची पडवी. तिथे वडील फर्निचर करायचे. त्यांचा रंधा अजून चालू आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या नेकची, म्हणजे डाव्या हातात धरायच्या दांड्याची, पाठ मी आजही त्यानेच उतरवतो आणि कानशीने हातात बसेल अशी करतो. मशीनवरचा नेक शेजारी धरा, फरक अंगठ्याला कळतो.

नेकसाठी जुन्या वाड्यांच्या तुळयांचा साग, बॉडीला शिवण, फ्रेटबोर्डला, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीला, शिसवी. साग तेलकट, जोड धरत नाही, असं लोक म्हणतात. ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा, चांगला धरतो. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 648 मिलिमीटर. म्हणजे पहिली फ्रेट (पट्टीवरची धातूची आडवी तार) नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून, 36.37 वर आणि बारावी बरोबर 324 वर. नवीन मुलांना सांगतो, प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजा. आधीच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर केसाकेसाची चूक साठत जाते आणि वरचे सूर हातचे जातात. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत उतरवणारी चुंबकावरची कॉइल, बायको गुंडाळते. 42 गेजची अगदी बारीक तार, एका कॉइलला हजारो वेढे, आणि तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तिचा हात लागला नसता तर हा धंदा उभाच राहिला नसता.

गावातल्या एका विक्रेत्याने मोठी ऑर्डर दिली. आमच्या धंद्यात ओळखीवर माल जातो, तसा गेला. पावसाळ्यात सगळ्या गिटारी परत. म्हणे, ‘नेक वाकतात.’ मी एकेक उघडून पाहिली. आम्ही 9 ते 42 च्या बारीक तारा लावून दिल्या होत्या, त्याच्या दुकानात कुणीतरी 11 ते 49 च्या जाड चढवल्या होत्या. ताण वाढला की नेक पुढे येणारच. नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, त्यासाठीच असते. त्याच्यादेखत ॲलन की लावली, पाव फेरा दिला, नेक सरळ. त्याने मान डोलावली आणि पैसे दिले नाहीत. वर गावभर सांगत सुटला की यांचं लाकूड कच्चं. पुढच्या सीझनला आमच्याच आकाराच्या, बाहेरून आणलेल्या गिटारी त्याच्या काचेत लटकल्या. आम्हाला लाकूड कापायचा बँडसॉ विकावा लागला. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

त्या वेळी गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक गिटारवादक आले. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. परत आलेल्यांतली एक उचलून त्यांनी किंमत विचारली.

“भाऊ, ही परत आलेली आहे.”

“परत आली म्हणून सूर बदलला का?”

पूर्ण पैसे रोख दिले आणि नऊही रात्री तीच वाजवली. एकच तक्रार केली : स्टेजवर दिवे लागले की गिटार गुणगुणते. सिंगल कॉइलच्या, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपचा तो स्वभावच. मग हंबकर पिकअप बसवला, दोन उलट कॉइल एकमेकींची गुणगुण मारतात, आणि आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी लावली. त्यांच्या ओळखीने बाकीचे वादक यायला लागले. बँडसॉ पुन्हा घेतला, पहिल्यापेक्षा मोठा.

आता निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय लाकडाला करवत लावत नाही, मग समोर सख्खा मामा का असेना. आणि गिटार सेटअपला, म्हणजे नेक-तारा नीट जुळवून घ्यायला, आणायची तर भाद्रपदातच आणून द्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी येऊन “काका, तेवढं करून द्या ना” म्हणू नका. त्या आठवड्यात आधी ऑर्केस्ट्रावाल्यांचं काम होतं.